घट्ट वेणी

मडमची मराठी तशी पक्की होती, फक्त लिंग चुकायचं.
"प्रार्थना झाला," म्हणायची, "आता भाकरी आला."
दासोपंत मास्तर रोज चारला येत,
पाण्याचा तांब्या घरून आणत,
व्हरांड्यात बसून एकेक शब्द सरळ करत:
"झाली, बाईसाहेब. आली."
ती वहीत उतरवून घ्यायची,
आणि सहाच्या उपासनेला पुन्हा "प्रार्थना झाला."
चाळीस मुली तोंडावर हात धरून हसायच्या.

आजी त्या चाळिसांतली.
इन्फ्लुएंझाच्या साली, बार्शीकडच्या कुठल्याशा गावाहून
होल्कमसाहेबानं तिला सायकलच्या दांडीवर बसवून आणली.
नाव ठेवलं सुवार्ता.
आधीचं नाव तिला शेवटपर्यंत आठवलं नाही.
दांडी टोचत होती, एवढं आठवायचं.

साहेबाचा उपदेशात फारसा जीव नसे.
त्याला जादूच्या कंदिलाची चित्रं दाखवायला आवडायची.
साखर पेठेत, मागांची खडखड थांबल्यावर,
भिंतीवर पांढरी चादर, चादरीवर बेथलेहेम.
विणकरांच्या बायका तेलुगूत विचारायच्या,
त्या मरियेचं लुगडं कुठल्या मागावरचं?
साहेब प्रामाणिक माणूस. म्हणाला, विचारून सांगतो.
कुणाला विचारणार होता, देव जाणे.

मुलगी त्यांची ऑलिव्ह. बोर्डिंगातल्या तोंडी अळीव.
इथंच जन्मली, तिचं लिंग कधी चुकलं नाही.
कडक भाकरी गुडघ्यावर मोडून
शेंगाचटणीशी खायची, मराठीत भांडायची,
शिव्यांना तेलुगू,
इंग्रजी फक्त जेवणाच्या टेबलावर, तीही कंटाळून.

सात वर्षांची झाली. नियम होता
समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी टेबलावर झालेला:
साहेबाच्या पोरांनी कोडाईकनालला शिकायचं, थंड डोंगरावर.
इथल्या उन्हात, इथल्या बोलीत वाढायचं नाही.
म्हणजे दुसऱ्यांची चाळीस लेकरं घरात ठेवायची
आणि आपलं एक पाठवायचं.
(हे आजी म्हणाली नाही. हे मी म्हणते.)
सकाळची मद्रास मेल.
ट्रंकेत दोन सोलापुरी चादरी, आजीनं दिलेले चिंचोके.
साहेब पोचवायला गेला.
मडम स्टेशनावर गेली नाही,
दवाखान्यात आयोडीनच्या बाटल्या मोजत बसली.

चारला मास्तर आले.
मडम म्हणाली, "माझा मुलगी गेला."
दासोपंतांनी वहीकडे पाहिलं,
तांब्या उचलला, घोटभर पाणी प्यायले.
दुरुस्त केलं नाही.

रात्री ती बोर्डिंगात आली, कंदील, फणी, खोबरेलाची बाटली घेऊन.
म्हणाली, रांग करा.
वेण्या घालणं मोठ्या मुलींचं काम, मडमचं नव्हे.
त्या रात्री तिनं चाळीस डोकी विंचरली,
एकीशीही बोलली नाही.
आजी सदतिसावी. तिची पाळी आली तेव्हा तेल संपलं होतं.
वेण्या इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या गेल्या,
कुणाला डोळे मिटता येईनात.
चाळीस मुली जाग्या, कौलांकडे बघत.
सकाळी कुणीच वेणी सोडली नाही.
रविवारपर्यंत तशीच ठेवली.

होल्कम मंडळी कधी परत गेली, आजीला साल सांगता येत नसे.
चर्चच्या भिंतीवर त्यांची पाटी आहे.
तिच्यात अळीवचं नाव नाही.

माझी आई नर्स. मस्कतला गेली तेव्हा मी चौथीत.
विमान मुंबईहून होतं, आम्ही सोलापुरातच राहिलो.
संध्याकाळी आजीनं मला पुढ्यात बसवलं, फणी घेतली.
एवढं ओढलंन की डोळ्यांत पाणी आलं.
मी म्हटलं, दुखतंय.
ती माझ्याशी बोलत नव्हती.
"माझा मुलगी गेला," ती म्हणाली, फणीला.

व्याकरणात मला पैकीच्या पैकी मिळायचे.
मी मान हलवली नाही.